सगळं जर बाहेरच ठरतंय तर हद्दीवरच्या पंचायतीच्या हातात काय उरतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर कळेल. तुम्ही बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या, हद्दीला अगदी लागून असलेल्या ग्रामपंचायतीच्या सदस्य. पंचायतीचा विकास आराखडा करायचाय. ट्रेनिंगला गेलात तिथं एक साहेब दोन तास जागतिकीकरण आणि स्थानिक आर्थिक धोरण ह्यावर बोलले आणि घरी येताना तुमच्या डोक्यात एवढंच राहिलं की सगळं जर दिल्ली, अमेरिका नाहीतर चीन ठरवणार असेल तर बेंगळूरला बसलेलं सरकार काय ठरवतंय आणि आमच्या पंचायतीच्या हातात काय राहतंय. वर तुम्ही हे पण लिहिलंय की गावातली पोरं सकाळी डबा घेऊन शिनोळीच्या एमआयडीसीत जातात, म्हणजे राहायला कर्नाटक आणि कामाला महाराष्ट्र, मग त्यांचा विचार नेमका कुणी करायचा.

मी २७ वर्षं बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, लहान कारखान्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, सबसिडीच्या फाइली, टॅक्सचे आणि एक्स्पोर्टचे कागद करत आलोय, त्यामुळं हे मला पुस्तकातनं कमी आणि फाइलीतनं जास्त कळलंय, तसंच सांगतो. थोडं लांबणार आहे.

आधी उत्तर सांगून टाकतो. राज्याच्या हातातली जुनी हत्यारं बरीच गेली हे खरं आहे. पण जी राहिलीत, म्हणजे जमीन, पाणी, वीज, रस्ता, शिकलेली माणसं आणि एक कागद किती दिवसांत हलतो ते, त्यांचं वजन आधीपेक्षा कितीतरी वाढलंय. आणि ह्यातल्या निम्म्या गोष्टी तुमच्या गावाच्या शिवारात आहेत.

जुनी हत्यारं कुठली होती ते बघा. १९९१ च्या आधी कारखाना काढायचा तर दिल्लीचं लायसन्स लागायचं, बाहेरचा माल येऊ नये म्हणून मोठी ड्युटी होती, आणि आठशेच्या वर वस्तू अशा होत्या की त्या फक्त लघुउद्योगानंच करायच्या, मोठ्या कंपनीला परवानगीच नाही. त्या भिंतीच्या आत राज्य सरकार एकच काम करायचं, आमच्याकडे या, आम्ही पाच-सात वर्षं सेल्स टॅक्स माफ करतो. डीआयसीत, म्हणजे जिल्हा उद्योग केंद्रात, अर्ज केला, प्लॉट मिळाला, टॅक्स माफ झाला, की धंदा सुरू. नंतर भारत १९९५ ला डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, आला, २००१ च्या एप्रिलपर्यंत आयातीवरची बरीचशी बंधनं उठली, लघुउद्योगाची राखीव यादी कमी होत होत २०१५ ला शेवटच्या २० वस्तू पण निघाल्या, आणि २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला तेव्हा राज्याचं सेल्स टॅक्स माफीचं हत्यार पण मोडलं. निर्यातीवर सरळ पैसे देणं पण अवघड झालं, कारण अमेरिकेनं तक्रार केली आणि २०१९ ला डब्ल्यूटीओच्या पॅनेलनं आपल्या निर्यात योजना नियमात बसत नाहीत म्हणून निकाल दिला, मग निर्यातीवर बक्षिसासारखे पैसे देणारी एमईआयएस योजना बंद करून २०२१ पासून फक्त भरलेले टॅक्स परत देणारी रोडटेप आणली. आमच्या एका पार्टीला त्याच्या पंपाच्या पार्टवर मिळणारी रक्कम त्या बदलात कमी झाली, माणूस मला विचारत होता की मी तर काय चूक केली नाही, मग माझे पैसे कुठं गेले. डब्ल्यूटीओचं ऑफिस जिथं आहे ते जिनिव्हा कुठं आहे हे पण त्याला माहीत नव्हतं.

आता तुमच्या दारातलं उदाहरण, कारण मला वाटतं जागतिकीकरण म्हणजे काय हे बाची नाक्यावर जेवढं दिसतं तेवढं कुठल्याच पुस्तकात दिसत नाही. जीएसटीच्या आधी उद्यमबागेतनं एखादं कास्टिंग शिनोळीला मशीनिंगला पाठवायचं म्हटलं तर अंतर फक्त १२-१५ किलोमीटर, पण कागदावर ते परराज्य. विक्री केली तर सीएसटी म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा टॅक्स, वेगळे फॉर्म, नाक्यावर गाडी थांबणार, एखादा शिक्का राहिला तर दिवस गेला. त्यामुळं लोक काय करायचे, शिनोळीच्या माणसाकडे मशीन रिकामं असलं तरी काम होनग्याला नाहीतर मच्छेला द्यायचे. जीएसटी आल्यावर नाके उठले, आता जॉब वर्कच्या चलनावर माल जातो, इ-वे बिल काढायचं, वर्षाच्या आत परत आणायचा, जीएसटीच्या आयटीसी-०४ फॉर्ममध्ये दाखवायचा, झालं. उद्यमबाग, होनगा, काकती, मच्छे, देसूर आणि पलीकडचं शिनोळी, हलकर्णी, गडहिंग्लज हे सगळं आज धंद्याच्या दृष्टीनं एकच गाव झालंय. कामगार एक, टेंपोवाले एक, स्क्रॅपवाले एक, मशीनची टूल्स विकणारे एक. फक्त सरकारं दोन आहेत आणि दोघांचे आराखडे वेगवेगळ्या खोलीत बसून होतात.

आणि इथंच राज्यांची स्पर्धा येते. एक राज्य वीज स्वस्त म्हणतंय, दुसरं जमीन देतो म्हणतंय. २०१३ च्या सुमाराला विजेच्या दरावरनं कोल्हापूरच्या उद्योजकांनी आम्ही कर्नाटकात जातो असं उघड म्हटलेलं तुम्हाला आठवत असेल, निपाणीजवळ जमीन देण्याची भाषा पण झालेली. महाराष्ट्रात एमआयडीसी १९६२ पासून आहे आणि १९६४ पासून मागास तालुक्यांना जास्त सवलत द्यायची पद्धत आहे, कर्नाटकात तेच काम करणाऱ्या केआयएडीबीचा कायदा १९६६ चा. दोन्हीकडं नकाशावर तालुक्याला गट पाडलेत, मागास तालुक्याला जास्त पैसे. कल्पना वाईट नाही. पण माझ्या हातातनं गेलेल्या फाइलींवरनं सांगतो, सवलतीसाठी हद्द ओलांडलेला कारखाना मी फार कमी बघितलाय. जो गेला तो बहुतेक प्लॉट लवकर मिळाला, पाण्याची लाइन होती, फिडरवर वीज जात नव्हती ह्या कारणानं गेला. सबसिडी मिळाली तर बरी, पण ती हातात पडेपर्यंत कर्जाचं व्याज तिच्या वर गेलेलं असतंय. एका पार्टीनं एका सरकारी ऑफिसकडं प्लॉट मागितलेला, पैसे भरले, चार वर्षं ताबा नाही. तोपर्यंत त्याच्या गिऱ्हाइकानं पुण्यात दुसरा सप्लायर धरला. चार वर्षांनी ताब्याचं पत्र आलं तेव्हा माणूस माझ्या समोर बसून कितीतरी वेळ गप्पच होता. जगातला गिऱ्हाईक बारा आठवडे थांबतो, चार वर्षं थांबत नाही.

जीएसटीनं अजून एक बारीक गोष्ट केली जी ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितली नसणार. हा टॅक्स माल जिथं खपतो त्या राज्याला जातो, जिथं तयार होतो त्या राज्याला नाही. म्हणजे बेळगावच्या कारखान्यानं हायड्रॉलिक पंप पुण्याला विकला तर राज्याच्या वाट्याचा टॅक्स महाराष्ट्राला. मग राज्य सरकारनं टॅक्स परताव्याच्या जोरावर कारखाना आणायचा म्हटला तर परतावा कशातनं देणार, फक्त राज्यात विकलेल्या मालाच्या एसजीएसटीतनं, म्हणजे जीएसटीतल्या राज्याच्या वाट्यातनं. त्यामुळं कर्नाटकाची पॉलिसी हळूहळू भांडवलावर नाहीतर उलाढालीवर सबसिडी ह्या बाजूला गेली, २०२५-३० च्या औद्योगिक धोरणात पण दोन्हीतलं एक निवडायची सोय ठेवलीय. आता ह्याचा अर्थ लावा. कारखान्याचा टॅक्स जर बाहेर जाणार असेल तर राज्याला आणि गावाला त्या कारखान्यातनं मिळणारी खरी कमाई म्हणजे पगार, दुकानाचा खप, लहान जॉब वर्क आणि घरपट्टी. म्हणून किती कोटींची गुंतवणूक आली ह्या बातमीपेक्षा किती माणसं कामाला लागली आणि किती सुट्टं काम बाहेर दिलं गेलं हे बघायला पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीत बेंगळूरच्या इन्व्हेस्ट कर्नाटकमध्ये १०.२७ लाख कोटींची आश्वासनं जाहीर झाली. मोठा आकडा आहे, पण आश्वासन आणि उभी राहिलेली शेड ह्यात बरंच अंतर असतंय आणि बाहेरचं भांडवल बेंगळूरभोवतीच जास्त घोटाळतंय, विमानतळ तिथं, इंग्रजी बोलणारी माणसं तिथं. उत्तर कर्नाटक मागं का पडलं ह्याचा हिशेब नंजुंडप्पा समितीनं २००२ मध्येच मांडला होता.

फौंड्रीचं, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांचं सांगतो, कारण बेळगाव त्यावर उभं आहे आणि जगाचा धक्का सगळ्यात आधी भट्टीला लागतो. २००३ नंतर चीनला पोलादासाठी खनिजाची एवढी भूक लागली की बळ्ळारी-होस्पेटकडचं खनिज दिवसरात्र बंदराला पळत होतं. बेकायदा खाणी, फुटलेले रस्ते, सगळं झालं. मग २०१० च्या जुलैमध्ये कर्नाटक सरकारनं निर्यात थांबवली, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं बळ्ळारीतलं खाणकामच थांबवलं, २०१२ ला गोव्यातलं थांबलं. आमच्या भट्ट्यांना लागणारं कच्चं लोखंड, पिग आयर्न, त्याच दोन बाजूंनी येतं. म्हणजे बीजिंगमधल्या बांधकामामुळं इथं खनिज महाग झालं, आणि ते आवरायला राज्यानं जे केलं त्यामुळं इथला कच्चा माल परत हलला. इथल्या कुणाचा त्यात एका पैशाचा दोष नव्हता. मधल्या काळात २००८ ची मंदी आली तेव्हा ट्रकचे पार्ट करणाऱ्यांच्या ऑर्डरी एका महिन्यात निम्म्यावर आलेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात, तीन शिफ्टचे कारखाने एका शिफ्टवर.

पण त्याच फौंड्रीत मला असं पण एक काम दिसलं जे जगाच्या धक्क्यात टिकलं. भट्टीतनं कास्टिंग काढलं की मोल्डिंगची वाळू उरते, जळलेली, काळी. आधी ती कुठंही टाकायचे, रस्त्याच्या कडेला, ओढ्यात, कुणाच्या शेताच्या बांधाला. बाहेर देशातला गिऱ्हाईक ऑडिटला आला की पहिला प्रश्न हाच, वापरलेली वाळू कुठं जाते. एकट्या लहान फौंड्रीवाल्याला ती साफ करायचा प्लांट परवडत नाही. केंद्र सरकारची २००३ मध्ये एक योजना आली, एकाच धंद्याचे लोक एकत्र येऊन सामायिक सोय करत असतील तर पैसे द्यायची. बेळगावच्या फौंड्रीवाल्यांनी क्लस्टर केलं, स्वतःचा वाटा घातला आणि वाळू परत वापरता येईल असा सामायिक प्लांट उभा केला. ह्यात कुठलाही टॅक्स माफ नव्हता. डब्ल्यूटीओत कुणी तक्रार केली नाही, शेजारच्या राज्यानं बोली वाढवली नाही, आणि एखादी कंपनी सोडून गेली म्हणून तो प्लांट उचलून नेता आला नाही. मी जेव्हा कुणाला स्थानिक धोरण म्हणजे काय हे समजावतो तेव्हा हेच दाखवतो. ह्याच जातीचं दुसरं काम म्हणजे टेस्टिंग. आमच्या एका मशीनिंगवाल्याला जर्मनीतनं हायड्रॉलिक बॉडीची इन्क्वायरी आली, मटेरियलचा रिपोर्ट मान्यताप्राप्त लॅबचा पाहिजे होता, नमुना पुण्याला पाठवला, तिथं रांग, मग एक टेस्ट परत, ह्यात तीन आठवडे गेले आणि त्यांनी इन्क्वायरी बंद केली. त्याचं काम चांगलं होतं ताई, अगदी मायक्रॉनमध्ये. त्याच्याकडं फक्त कागद वेळेत नव्हता.

आता युरोपचा कार्बनवाला नियम आलाय, माल बनवताना सुटलेल्या कार्बनवर पैसे लावणारा. २०२३ च्या ऑक्टोबरपासून नुसती माहिती मागत होते, २०२६ च्या जानेवारीपासून प्रत्यक्ष पैशाचा हिशेब सुरू झालाय. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बऱ्याच वस्तूंना तो लागतो, बोल्ट-नट आणि पाइप फिटिंग पण त्यात आहेत. म्हणजे इथल्या कारखान्याच्या भट्टीतनं थेट किती कार्बन सुटतो हे ब्रसेल्समध्ये मोजलं जाणार. तो कमी करायला भट्टी कोकवरनं विजेवर न्यायची तर विजेचा प्रश्न आला. वीज हा केंद्र आणि राज्य दोघांचा विषय, पण दुसरीकडची वीज सरकारी तारांवरनं आणायला सोलरला ओपन अ‍ॅक्सेस द्यायचा का नाही, किती चार्ज लावायचा, हे राज्याचा वीज आयोग ठरवतो. बघा, बाहेरचा नियम आला की राज्याचा एक साधा दिसणारा निर्णय एकदम किमती होतो. अमेरिकेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्क्यांपर्यंत ड्युटी नेली तेव्हा पण हेच झालं, सगळे दिल्लीकडं बघत होते, आणि ज्यांच्याकडं दोन-तीन देशांतले गिऱ्हाईक होते तेवढेच तग धरून राहिले.

हत्तरगीचा एरोस्पेस पार्क तुम्ही हायवेनं जाताना बघितला असेल, हुक्केरी तालुक्यात. अडीचशे एकराच्या आसपास एसईझेड, म्हणजे निर्यातीसाठीचं खास क्षेत्र, २००९ मधलं, एक्वस कंपनीचं, विमानाचे पार्ट होतात, एअरबससारखे गिऱ्हाईक. तिथलं खरं शहाणपण सवलतीत नाही. विमानाचा एक पार्ट फोर्जिंगला एका देशात, मशीनिंगला दुसऱ्या, सरफेस ट्रीटमेंटला तिसऱ्या असा फिरत होता, ते सगळं त्यांनी परदेशी कंपन्यांबरोबर भागीदारी करून एका आवारात आणलं. एसईझेडच्या इन्कम टॅक्सच्या सवलती पुढं पुढं कमी होत गेल्या, नव्या युनिटना तर २०२० नंतर बंदच, तरी ते तिथं टिकलं, कारण शिकवलेला माणूस आणि ट्रीटमेंटची लाइन ह्या गोष्टी सहजासहजी हलत नाहीत. राज्यानं २०१३ मध्ये वेगळं एरोस्पेस धोरण काढलं, देशातलं पहिलं, ते चांगलंच झालं. पण मला एक बोच आहे. हत्तरगी, संकेश्वर, यमकनमर्डीकडच्या पोरांना तिथं ऑपरेटर म्हणून उभं राहायला इंग्रजी ड्रॉइंग वाचता यायला पाहिजे, आणि आपल्या भागातल्या कितीतरी आयटीआयमध्ये मी बघितलंय, जुन्या लेथवर शिकवतात. व्हीटीयूसारखं इंजिनियरिंगचं विद्यापीठ १९९८ पासून बेळगावात आहे, इंजिनियर भरपूर, चांगला सीएनसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन लावून देणारा माणूस, मिळत नाही.

शेतीकडं येऊ, कारण तुमच्या पंचायतीत उसाचं आणि भाजीचं शिवार जास्त. उसाचा दर दिल्लीचं एफआरपी ठरवतं, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान दर, २०२५-२६ ला क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. आता ह्यात जिनिव्हा कुठनं आलं तर ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं २०१९ मध्ये भारताविरुद्ध तक्रार केली की तुम्ही ऊस उत्पादकाला ठरलेल्या मर्यादेच्या वर आधार देताय, मर्यादा म्हणजे त्या पिकाच्या उत्पादन मूल्याच्या दहा टक्के. आपलं म्हणणं होतं की दर सरकार ठरवतं पण पैसे कारखाना देतो, सरकारचा एक रुपया जात नाही. पॅनेलनं २०२१ च्या डिसेंबरमध्ये हे मान्य केलं नाही, दर सरकारनं ठरवला म्हणजे तो आधार मोजणार. आपण अपील केलं, पण अपिलाचं मंडळच २०१९ च्या शेवटापासून बंद पडलंय कारण सदस्यच नेमले नाहीत, त्यामुळं निकाल लटकून आहे. तिकडं ते, इकडं २०२३ पासून साखर निर्यातीवर दिल्लीची कडक बंधनं, कारखाना म्हणतो मला बाहेरचा दर मिळत नाही तर मी वाढवून कुठनं देऊ, आणि साखरेचा किमान दर किलोला ३१ रुपये तो २०१९ चा. मग २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी तोडणी-वाहतूक सोडून टनाला ३,५०० च्या मागणीला बसले, शेवटी टनाला ३,३०० वर मिटलं. ह्यात राज्य सरकारची अडचण नीट दिसते. दर त्याच्या हातात नाही, निर्यात त्याच्या हातात नाही, इथेनॉलचा कोटा त्याच्या हातात नाही, पण रस्त्यावर शेतकरी बसला की उत्तर त्यानंच द्यायचं. आणि आपल्या सीमाभागात ऊस कुणाचा ऐकत नाही, जिकडं काटा बरोबर आणि बिल लवकर तिकडं जातो. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं परराज्यात ऊस न्यायला बंदी काढली आणि थोड्याच दिवसांत मागं घेतली.

निपाणीचं दुःख वेगळंच आहे. १९८१ चं तंबाखू आंदोलन, हायवेवरचा गोळीबार, मी तेव्हा शाळेत होतो, घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलायची ते आठवतंय. तेव्हा लढा व्यापाऱ्याबरोबर होता, दरासाठी. पुढं जगानं ठरवलं की तंबाखूच कमी व्हायला पाहिजे, २००३ ला डब्ल्यूएचओचा तंबाखू नियंत्रणाचा करार झाला, २००४ ला भारतानं मान्य केला, आणि माणसांच्या जिवाचा विचार केला तर तो करार बरोबरच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्याच कराराचं सतरावं कलम म्हणतं की तंबाखूवर जगणाऱ्या कामगारांना आणि शेतकऱ्यांना परवडेल असा दुसरा धंदा उभा करायला सरकारांनी मदत करायची. पाकिटावर चित्र आलं, २०१६ पासून ८५ टक्के जागेवर, पण सतराव्या कलमाचं काम निपाणीच्या गल्लीत सूप घेऊन बिड्या वळत बसलेल्या बाईपर्यंत किती पोचलं? उलट २०१७ मध्ये जीएसटी आणताना बिडीवरचा सेस गेला, ज्या सेसमधनं बिडी कामगारांच्या पोरांची स्कॉलरशिप आणि दवाखाने चालायचे, आता ते बजेटच्या मर्जीवर. मला विचाराल तर सीमाभागातली सगळ्यात मोठी राहून गेलेली धोरणाची जागा हीच. बोटांत एवढी सफाई असलेल्या हजारो बायका, घरकामातनं वेळ काढून काम करायची सवय असलेल्या, आणि त्यांच्यासाठी दुसरं काम आणायची जबाबदारी कुठल्याच एका ऑफिसच्या टेबलावर नाही.

बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या यंत्रमागवाल्यांचं थोडक्यात सांगतो, सुरतेची साडी स्वस्त, सूत महाग, मधला व्यापारी उधारीवर, तिथं वीज सवलतीनं माग चालू राहिला पण माल विकायची वाट कुणी काढली नाही.

आता तुमची पंचायत. पहिलं म्हणजे घाबरून जमीन सोडू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेला माणूस पण शेतजमीन घेऊ शकतो, त्यामुळं शहराजवळच्या शिवारात बाहेरचा पैसा शिरतोय. येळ्ळूर, शहापूर, वडगावचे शेतकरी हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन जाऊ नये म्हणून किती वर्षं कोर्टात आणि बांधावर लढले ते सगळ्यांनी बघितलंय. तीन पिकं देणारी काळी जमीन एकदा एनए, म्हणजे बिगरशेती, झाली की परत येत नाही. आराखड्यात गावचा नकाशा लावा, पाणी असलेली जमीन हिरव्या पेन्सिलनं रंगवा आणि माळाची, खडकाची जमीन वेगळी दाखवा, आणि शेड घालायची तर ह्या माळावर असा ठराव करा. कायद्यानं शेवटचा शब्द तुमचा नसेल, पण ग्रामसभेचा ठराव फाइलीत आधीपासून असला की डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसला तो वाचावा लागतो.

दुसरं, घरपट्टीची आकारणी. गावात ज्या शेडी आधीच उभ्या आहेत, गोडाऊन, पॉलिशिंग, पावडर कोटिंग, त्यांची नोंद पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला, सोबत घेऊन परत एकदा करा. मी तीन पंचायतींचं रजिस्टर बघितलंय, पत्र्याची शेड म्हणून नोंद आणि आत कॉम्प्युटरवर चालणारी दोन महागडी व्हीएमसी मशीन. आणि नोंद करताना सांडपाणी कुठं सोडतात ते पण लिहा, कारण मार्कंडेय नदी आणि विहिरी बिघडल्या तर भाजीचं शिवार गेलं, आणि गोव्याला जाणारी भाजी गेली तर शिनोळीचा पगार ती जागा भरून काढू शकत नाही.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ती डबा घेऊन जाणारी पोरं. घरोघर विचारून एक वही करा. कोण कुठं जातंय, काय काम करतंय, काय शिकलंय, कंपनीच्या रोलवर आहे का कंत्राटदाराकडं, पगार हातात किती. किमान वेतन काम जिथं चालतं त्या राज्याचं लागतं, म्हणजे शिनोळीत काम तर महाराष्ट्राचं, हे कितीतरी पोरांना माहीत नाही. पीएफ आणि ईएसआय केंद्राचं आहे, हद्दीनं अडत नाही, पीएफ खात्याचा यूएएन नंबर प्रत्येकाच्या हातात पाहिजे, आणि ईएसआयमध्ये दवाखाना राहत्या घराजवळचा लावून घेता येतो. अप्रेंटिसला घेतलं तर स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, केंद्र देतंय, हे लहान कारखानदारालाच माहीत नसतंय, तुम्ही सांगा. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, आपल्या पोरांना मराठी तर पाहिजेच, ती आपली आहे, पण कन्नड लिहायला-वाचायला पण शिकवा. २०२४ च्या जुलैमध्ये खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागांचं विधेयक मंत्रिमंडळानं मंजूर केलं, आयटी कंपन्यांनी ओरड केल्यावर दोन दिवसांत बाजूला ठेवलं, पण त्यात स्थानिक ठरायला कन्नड बोलता, लिहिता, वाचता येणं ही पण एक अट होती. उद्या ते परत आलं तर आपली पोरं स्वतःच्या जिल्ह्यात बाहेरची ठरू नयेत.

चौथं, बस. हसू नका, मी ह्यावर फार विचार केलाय. पहिली शिफ्ट सातला सुरू होते, बस जर साडेसातला असेल तर बाईक घ्यावी लागते, हप्ता पगारातनं जातो, आणि मुलगी तर कामाला जातच नाही. जिल्हा नियोजन समिती फक्त आपल्या जिल्ह्याचं बघते, चंदगडचं कोल्हापूर बघतं, दोघं एका टेबलावर बसत नाहीत. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे, प्रत्येकाला त्यात आपली भावना आहे आणि मला पण आहे. पण शिफ्टची बस, नाल्याचं पाणी आणि एक सीएनसीचा वर्ग ह्याला कोर्टाचा निकाल लागत नाही. तुमच्या पंचायतीनं आणि पलीकडच्या शिनोळीच्या पंचायतीनं एकाच तारखेला, एकाच मजकुराचा ठराव करावा की सकाळी सव्वासहाला आणि दुपारी अडीचला बस पाहिजे, खाली वहीतल्या कामगारांची संख्या, पुरुष किती, बायका किती. एक प्रत वायव्य कर्नाटक परिवहनच्या बेळगाव विभागाला, एक एसटीच्या चंदगड आगाराला, एक एमआयडीसीतल्या कारखानदारांच्या संघटनेला, कारण माणूस वेळेत यावा ही गरज त्यांची पण आहे. ठरावाचा मसुदा मी मराठी आणि कन्नड दोन्हीत करून देतो, तुम्ही तोपर्यंत वहीचं काम सुरू करा.